अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला

२०२५ ची रामनवमी रविवारी आली होती, ६ एप्रिलला. दुपारी देवळात जन्म झाला, घरी येईपर्यंत बोटांना सुंठवड्याचा वास, मग पाहुणे, चहा, परत पाहुणे, आणि माझं सगळं लक्ष साडेसातकडे. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर फुटबॉल, एफसी गोवा विरुद्ध बंगळुरू, इंडियन सुपर लीगच्या म्हणजे आयएसएलच्या सेमीफायनलची दुसरी लेग, दोन मॅचमधली परतीची. पहिली लेग आपण तिकडे ०-२ हरून आलो होतो, म्हणजे इथे दोन गोल मारून आधी बरोबरी करायची आणि मगच पुढचं बोलायचं. हाफटाइमनंतर लगेच बोर्हाने एक मारला. मग अर्धा तास तसाच गेला, काहीच होईना, आई दोनदा येऊन जेवायचं विचारून गेली. आणि ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा मारला. भाचा पलंगावरून उडी मारून थेट माझ्या गळ्यात पडला, उभा नाचायला लागला, ओटीवरून भाऊ ओरडला, बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. आणि मी टीव्हीच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. ८८:४० की असंच काहीतरी. भाचा नाचता नाचता थांबला आणि म्हणाला, "आत्या, गोल झालो ना! मगे तू गप कित्याक बसलंस?"

मी काही बोलायच्या आत ९०+२ ला, म्हणजे नव्वदनंतरच्या वाढीव वेळेत, बंगळुरूच्या सुनील छेत्रीने हेडर घातला. चाळिशीचा माणूस, बदली म्हणून आलेला. दोन्ही लेग मिळून ३-२, बंगळुरू फायनलला.

त्या पोराला त्या रात्री मी उत्तर दिलं नाही. तो रडत झोपला आणि मी भांडी घासत होते, आणि हरल्याचं दुःख होतंच पण त्याहून जास्त तो प्रश्न टोचत होता. दहा वर्षांच्या मुलाला गोल झाल्यावर आनंद होतो, आणि मला त्याच क्षणी पोटात खड्डा पडतो, हे कधीपासून झालं?

कधीपासून ते मला माहीत आहे खरं तर. २० डिसेंबर २०१५, तोही रविवारच. तेव्हा बाबा होते.

आमचं घर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला. बाबांची अख्खी नोकरी म्हापशात गेली, सकाळच्या गाडीने जायचे आणि काळोख पडल्यावर यायचे, आणि फुटबॉल त्यांनी तिकडूनच आणला. आमच्याकडे बाकी सगळी गल्ली क्रिकेटवाली. पण बाबा सांगायचे की डेम्पो, चर्चिल, साळगावकर ही नुसती कंपन्यांची नावं नाहीत, ही माणसं भारतात पहिली येतात. आणि यायचीच. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत देशाची लीग सलग सात वर्षं गोव्याच्याच टीमने जिंकलीय, चार वेळा डेम्पो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. एवढ्याशा राज्याने! मला एकदा ते फातोर्ड्यालाही घेऊन गेले होते, रात्री मडगावला त्यांच्या मित्राकडे राहिलो. मॅच मला नीट आठवत नाही. फ्लडलाइटच्या उजेडात इतकं हिरवं गवत मी पहिल्यांदा बघितलं ते आठवतं, आणि बाबा, जे घरात कधी मोठ्याने बोलायचे नाहीत, ते उभे राहून रेफरीला काय काय बोलत होते ते आठवतं. तेव्हा मी घाबरले होते का? अजिबात नाही. तेव्हा भीती बाबांच्या वाट्याची होती, माझ्या वाट्याला चणे.

मग आयएसएल आली, एफसी गोवा आली, छातीवर गवा. तो गवा आम्हाला ओळखीचाच, सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांच्या शेतात रात्री येऊन नासधूस करतो तोच. आणि २०१५ ला कोच झिकोची आमची टीम फायनलला, आणि फायनल कुठे तर फातोर्ड्यालाच. समोर चेन्नईची टीम, चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारला, २-१, आणि आमच्या घरात जे काय झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही, बाबांनी आईचा हात धरला सगळ्यांसमोर. आई लाजली. कप आमचाच होता. मग ९० व्या मिनिटाला आमच्याच गोलकीपरच्या, कट्टीमनीच्या हाताला लागून बॉल स्वतःच्याच गोलात, २-२, आणि आम्ही अजून "एक्स्ट्रा टाइम, एक्स्ट्रा टाइम" म्हणतोय तोपर्यंत त्यांच्या मेंडोझाने तिसरा घातला. तीन-चार मिनिटांत सगळं. बाबा उठले आणि गेट लावायला गेले. गेट आधीच लावलेलं होतं.

त्यानंतर बाबांनी कुठलीच मोठी मॅच टीव्हीसमोर बसून बघितली नाही. बघायचे नाहीत म्हणजे काय, घरातच असायचे, पण पडवीत. वेताच्या खुर्चीवर, पाठ टीव्हीकडे, हातात अडकित्ता. सुपारी कातरल्याचा कट कट आवाज येत राहायचा आणि मध्येच "कितके झाले गो?" मी सांगायचे. पुन्हा कट कट. त्यांना बीपीची गोळी चालू होती, आई म्हणायची की डॉक्टरांनी सांगितलंय टेन्शन नको, मग हे कशाला? मला वाटतं आईचं चुकीचं नव्हतं. २००६ च्या वर्ल्ड कपच्या वेळी म्युनिकच्या डॉक्टरांनी हिशोब ठेवला होता, जर्मनीची मॅच असेल त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या केसेस नेहमीच्या २.६६ पट. मी हे वाचलं तेव्हा बाबा नव्हते, आणि वाचताना मला त्या जर्मन माणसांचे चेहरे दिसले नाहीत, पडवीतली ती पाठ दिसली.

लोक विचारतात, एवढं आहे तर मैदानात जाऊन का बघत नाही, गोवा काय लांब आहे. लांब नाहीच. आरोंद्याला किरणपाणीचा पूल ओलांडला की पेडणे तालुका. आमची अर्धी कामं तिकडेच होतात, बाजार म्हापशाचा, आजारी पडलो तर बांबोळीचं हॉस्पिटल. पण मॅच साडेसातला सुरू होते आणि साडेनऊच्या पुढे संपते, आणि मडगावातून त्या वेळेला आमच्या बाजूला यायला काही नाही. कोकणकन्या तर मॅच सुरू व्हायच्या आधीच मडगाव सोडते. स्वतःची गाडी पाहिजे, गाडी चालवणारा पाहिजे, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचं नाही असं पाहिजे. बाईमाणसाला हे तिन्ही एकाच दिवशी जमून येत नाही. मग घरच.

आणि घरी बघणं ही फार वेगळी गोष्ट आहे. मैदानात निदान ओरडता येतं, ढोल असतो, शेजारचा अनोळखी माणूस तुमच्याइतकाच कासावीस झालेला असतो. घरी तुम्ही एकटे कासावीस आणि बाकीचं घर आपलं चालू. आई निवडत बसलेली असते, भावाचा फोन वाजतो, शेजारच्या घरातून आयपीएलचा किंवा मालिकेचा आवाज, कोणीतरी दारातून हाक मारतं, "असात काय घरात?" आणि तुम्हाला हसून या बसा म्हणायला लागतं, कॉर्नर चालू असताना! मॅच आपल्यापर्यंत येते पण आपलं काहीच मॅचपर्यंत पोचत नाही. मला वाटतं सगळी घालमेल त्याचीच आहे. शरीराला काहीतरी करायचं असतं आणि करण्यासारखं एकच असतं, बसणं.

म्हणून मी हाताला काम घेते. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर असतात, गरम पाण्यात भिजवून ठेवायचे आणि साल काढत बसायचं. नखात साल जायला पाहिजे पण गर मोडता नये. गोवा पुढे असेल तर हात सावकाश चालतो, मागे असेल तर भराभर, आणि शेवटच्या दहा मिनिटांत माझे गर मोडायला लागतात. आई वाटीत बघूनच ओळखते स्कोअर काय ते. डिसेंबर-जानेवारीत काजू नसतात तेव्हा वाल सोलते. मोबाईलवर बघत असलो तर आणखी एक वेगळाच छळ. स्ट्रीम टीव्हीच्या मागे असतो अर्धा-पाऊण मिनिट, कधी जास्तच, आणि मैदानात बसलेल्या मैत्रिणीचा मेसेज आधी येतो. फोन थरथरला की मला कळतं काहीतरी झालंय, आणि माझ्या स्क्रीनवर अजून बॉल हाफलाइनवर आहे. तो मेसेज मी उघडत नाही. पण बॉल कोणाकडे आहे ते बघून अंदाज बांधत बसते, आपल्याकडे असेल तर देवा हाच तो, त्यांच्याकडे असेल तर... त्या अर्ध्या मिनिटात जे मी सोसते ते नव्वद मिनिटांत नाही.

२४ एप्रिल २०२४ ला तसंच झालं. सेमीफायनल, समोर मुंबई सिटी.

आता मुंबई म्हणजे आमच्याकडे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. निम्मं गाव चाकरमानी, निम्मं गोव्याच्या गाडीत. माझ्या काकांची सगळी डोंबिवलीला, आणि चुलतभाऊ पक्का मुंबई सिटीवाला. त्याचं दर वेळी एकच, तू महाराष्ट्राची ना, मग गोव्याची कशी? त्याला काय सांगणार. आम्हाला पगार तिकडून आला, औषध तिकडून आलं, लहानपणी रेडिओवर लागायचं ते पणजी केंद्र. नकाशात रेघ नदीच्या मधून जाते, पण बाबा आयुष्यभर रोज ती ओलांडत होते. पण हेही खरं की तो चिडवायला लागला की मला थोडं अपराधी वाटतं, मुंबईने पण आमच्या घरात मनीऑर्डरी पाठवल्यात. ज्या टीमसाठी जीव खालीवर होतो ती आपली आहे हे मला कागदावर दाखवता येत नाही. कदाचित त्यामुळेच जास्त होतो.

तर त्या दिवशी बोरिसने पहिला मारला, दुसऱ्या हाफमध्ये ब्रँडनने दुसरा. ब्रँडन गोव्याचाच मुलगा, त्याने मारला की वेगळंच वाटतं. २-०, आणि नव्वद मिनिटं होत आली. चुलतभाऊ ग्रुपवर गप्प. आईने आतून विचारलं, "आता सोपली मां मॅच? वाढतंय मी." मी हो म्हणाले नाही. आत गेले, भाताची पेज गाळायची होती, दोन्ही हातांनी टोप धरून उभी होते, वाफ तोंडावर, आणि बाहेर खाटेवर ठेवलेला फोन थरथरायला लागला. एकदा. मग लगेच दुसऱ्यांदा. मी पेज पूर्ण गाळली. बाहेर येऊन बघते तर स्क्रीनवर मुंबईचा छांगटे पळत होता. ९० व्या मिनिटाला एक, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रतापचा दुसरा, आणि मग ९०+६ ला परत छांगटे. २-३. आठ वर्षांपूर्वीचंच मैदान, तोच स्कोअर, तशीच शेवटची मिनिटं. दुसरी लेग मुंबईत झाली, तीही हरलो, आणि मुंबईने पुढे कप पण नेला. चुलतभावाने त्या रात्री काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून फक्त काकीच्या गुडघ्याचं बोलला. मला ते फार बरं वाटलं.

मधल्या वर्षांतही काही कमी झालं नव्हतं. १७ मार्च २०१९ ची फायनल तर अंधेरीला, बंगळुरूशी. त्या संध्याकाळी मॅचच्या थोडं आधी पर्रीकर गेल्याची बातमी आली. आमच्या गल्लीत लोक दारात येऊन उभे राहिले, कोणाच्या हातात सांडशी, कोणाच्या कडेवर पोर, सगळे हळू बोलत होते. मॅच लावावी की नको हेच कळेना. लावली. आवाज बंद करून. कोच लोबेराची ती टीम, कोरो ज्या सीझनला १६ गोल मारून आला होता ती, आणि एकही गोल नाही, एक्स्ट्रा टाइमला आमचा जाहू रेड कार्ड घेऊन बाहेर, आणि शेवटची तीन-चार मिनिटं उरलेली असताना बंगळुरूच्या राहुल भेकेचा हेडर. आवाज बंद असल्यामुळे गोल झाला हे मला खेळाडू पळायला लागल्यावर कळलं. तो दिवस हरल्याचा म्हणून माझ्या लक्षात राहिलाच नाही, सगळंच एकत्र जड झालं होतं.

आणि कोविडचं वर्ष. अख्खी आयएसएल गोव्यात, फातोर्डा, बांबोळी, वास्को, सगळ्या टीम हॉटेलात बंद, आणि मैदानं रिकामी. आमच्यापासून दोन तासांवर लीगच्या सगळ्या मॅच चालू आणि नाक्यावर पोलीस उभे. त्या सीझनला टीव्हीवर प्रेक्षकांचा आवाज रेकॉर्डचा घालायचे, गोल हुकला की "ऊऽऽ" यायचं, पण मागे खुर्च्या मोकळ्या. मार्च २०२१ ला मुंबईशी सेमीफायनल पेनल्टीवर ५-६ हरलो, बांबोळीला. पण एक गोष्ट त्या वर्षी झाली, सगळेच घरून बघत होते. मडगावचा माणूस पण, जो मैदानाच्या भिंतीला लागून राहतो तो पण. त्या एका वर्षी मी कोणापेक्षाही लांब नव्हते.

भाच्याचा प्रश्न असा फिरत फिरत इतक्या मागे गेला. मला त्याला सांगायचं होतं की मी खूश नव्हते असं नाही. पण सांगायचं कसं? मला हरण्याची भीती वाटतच नाही, हे मला एवढ्या वर्षांनी कळलंय. ०-२ ने मागे असताना मी अगदी शांत असते, काजूगर अख्खे निघतात. भीती वाटते ती आपण जिंकत असताना. ८७, ९०, ८८, हे आकडे आहेत ना, तेव्हा आपल्याकडे काहीतरी आलेलं असतं, आईचा हात धरावा इतकं खरं, आणि मी त्या वेळेस मनातल्या मनात त्याला घट्ट धरून बसते, म्हणून गप्प. नाचायला हात मोकळे नसतात. बाबा पडवीत जाऊन बसायचे ते गोव्याचा खेळ त्यांना बघवत नव्हता म्हणून, असं मी समजायचे. आता वाटतं, २०१५ ला तीन मिनिटं त्यांना जे मिळालं होतं ते परत समोर बसून बघायचा त्यांना धीर नव्हता.

२०२५ च्या त्याच सीझनच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला, भुवनेश्वरला सुपर कपची फायनल झाली, जमशेदपूरशी. बोर्हाचे दोन, द्राझिचचा एक, ३-०. भाचा ७२ व्या मिनिटापासूनच नाचत होता. मी ८५ पर्यंत घड्याळ बघितलं आणि मग माझ्या लक्षात आलं की तो माझ्याकडे बघतोय, मी गप्प आहे की काय ते तपासतोय. मग मी हसले. त्याच्यासाठी हसले आधी, पण मग खरंच हसू आलं. तीन गोल होते, कोण काय करणार होतं.

आणि मग गंमत बघा, खरी भीती त्यानंतर आली. पुढचा सीझन होणार की नाही हेच कळेना. जुलैत आयएसएल स्थगित, लीग चालवायच्या हक्कांचा करार संपत आलेला, फेडरेशन आणि कंपनी आणि कोर्ट, बातम्या वाचून वाचून डोकं दुखायचं. गणपती झाले, दिवाळी झाली, साडेसात वाजायचे आणि लीगचं काहीच नसायचं. आई निवांत जेवायला वाढायची, सगळे वेळेवर जेवायचे, आणि मला घरात फिरल्यासारखं व्हायचं. ज्या घालमेलीला मी एवढी वर्षं कंटाळले होते ती नव्हती तर संध्याकाळी इतक्या मोकळ्या आणि इतक्या निकामी. २०१६ ला डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या जुन्या लीगमधून, बाहेर पडले तेव्हा बाबा पेपर घेऊन बराच वेळ बसले होते, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. क्लब हरतो तेव्हा पुढची मॅच असते. खेळच थांबला तर कोणावर रागवायचं?

७ डिसेंबरला पुन्हा सुपर कपची फायनल, ह्या वेळी फातोर्ड्यातच, ईस्ट बंगालशी. एक्स्ट्रा टाइम संपला तरी ०-०. पेनल्टी. मी वालांची सुपली बाजूला ठेवली आणि उठून पडवीत गेले, ठरवून नाही, पायच गेले. भाचा टीव्हीच्या एवढा जवळ बसला होता की भाऊ ओरडला त्याला. आणि बाहेर बसल्यावर मला कळलं की बाहेर सुटका वगैरे काही नाही. उलट सगळं जास्त ऐकू येतं. कॉमेंटेटरचा श्वास, शिट्टी, मग ती मधली पोकळी, मग घरातल्या माणसांचा आवाज, आणि त्या आवाजावरून ठरवायचं, आपला गेला की त्यांचा. बाबा हे सगळं ऐकत होते. कितके झाले असं विचारायचे ते कळलं नाही म्हणून नाही, कोणीतरी बोलावं म्हणून असेल. ६-५ झाले. आतून आरडाओरडा आला, भाचा धावत बाहेर आला आणि ह्या वेळी आम्ही दोघंही पडवीत उड्या मारत होतो, आई म्हणत होती की रात्रीची शेजारी झोपलीत.

जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, आता पुढची मॅच कधी? मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, मगे जेव्हा असात तेव्हा आपण फातोर्ड्याक जाऊया, मका हंय बगूचा नाय. भावाने लगेच रात्रीच्या ड्रायव्हिंगचं काढलं, शाळेचं काढलं, परत येताना सातार्ड्याकडून यायचं की आरोंद्याकडून त्यावर दोघांचं जुंपलं. मी मडगावच्या बाबांच्या त्या मित्राचा नंबर शोधत होते. त्यांचा मुलगा तिथेच राहतो अजून, स्टेडियमपासून चालत. तारीख लागली की आदल्या दिवशी फोन करायचा असं ठरवलं, आणि सोबत ओले काजूगर न्यायचे, सीझन असला तर.